गिळमान

पद्मजा मगदूमच्या पुढ्यात बायका शब्द गिळतात, हे तुंगलवाडीत शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. यंत्र आल्यामुळं फक्त किती गिळतात ते कळलं.

शंभरात एकसष्ट.

आणि तिची धाकटी जाऊ त्रिशला, जी शीतगृहात तिच्या कितीतरी मागनं आली, जिला कॉम्प्रेसर कुठला आणि कंडेन्सर कुठला हेसुद्धा पद्मजानंच बोट धरून दाखवलं होतं, तिच्यापुढं शंभरात सात.

बिरनाळे नावाच्या मोजणी अधिकाऱ्यानं हे आकडे पडद्यावर टाकले तेव्हा बेदाणा निवडायच्या हॉलमध्ये सगळ्या बायका माना खाली घालून बसल्या होत्या. कुणी टाळी वाजवली नाही. वाजवायची छाती नव्हती, कारण पद्मजा पहिल्या रांगेत बसली होती. म्हणजे तेवढ्या वेळातही तिचा आकडा वाढतच असणार.

"हे कच्चं मोजमाप," बिरनाळे घाम पुसत म्हणाला. "दोन महिन्यांनी पक्की मोजणी. जिचं गिळमान कमी, ती प्रमुख. कायदाच तसा आहे बाई, माझ्याकडं असं बघू नका."

"मी कुठं बघितलं?" पद्मजा म्हणाली.

बिरनाळेनं पुढचं वाक्य गिळलं.

कंठपट्टी मुळात साध्या कामासाठी निघाली होती. विषारी वायूत मुखवटा चढवला की माणसाला बोलता येत नाही, बोललं तर ऐकू जात नाही. पण शब्द तोंडातून निघायच्या आधी मेंदू घशाला आणि जिभेला हुकूम सोडतो. तिथल्या स्नायूंत विजेची बारीकशी लहर उठते. गळ्यावर चिकटवलेली बोटभर पट्टी ती लहर पकडते, तिचे शब्द करते आणि दुसऱ्याच्या कानात सोडते. आवाज काढायची गरज नाही. आगीचे बंबवाले, खाणीतले, गॅसवाले सगळे खूश झाले.

मग बनवणाऱ्यांना एक उपद्रव दिसला. काही लहरी उठायच्या आणि मध्येच मरायच्या. घसा तयार, जीभ जागेवर, आणि वरून ब्रेक. बनवणाऱ्यांनी तो कचरा म्हणून गाळून टाकला. काही वर्षांनी कुणीतरी हाच कचरा अपघातांच्या शेजारी मांडून बघितला आणि हादरलं. जवळपास प्रत्येक स्फोटाआधी, प्रत्येक गळतीआधी, कुणाच्या तरी गळ्यात एक वाक्य उठून मेलेलं होतं. साहेब, हा काटा जरा वर दिसतोय. असलंच काहीतरी असणार. नेमकं काय, ते पट्टीला कळत नाही. गिळलं एवढं कळतं, आणि कुणापुढं गिळलं ते कळतं, कारण समोर कोण उभं आहे हे पट्ट्या एकमेकींना विचारून घेतात. कुणी गिळलं ते मात्र कायद्यानंच झाकलं. नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पट्ट्या उपटून फेकल्या असत्या.

पुढं सरकारनं ठरवलं की जिथं माणूस मरू शकतो अशा ठिकाणी प्रमुख तोच, ज्याच्यापुढं माणसं कमीत कमी गिळतात. देशभर खुर्च्या हलल्या. मोठमोठे साहेब कोर्टात गेले. काहींनी हाताखालच्या माणसांशी हसून बोलायचे क्लास लावले आणि हसताना ते जास्तच भीतिदायक दिसायला लागले. या घोळात एक गोष्ट झाली, जी कुणाच्या मनात नव्हती. आजवर जिला मऊ, बावळट, हिच्याच्यानं काय होतंय म्हणून बाजूला बसवलं, तसल्या बाया वर आल्या.

आणि पद्मजासारख्या खाली.

सन्मती महिला शीतगृह माळावर उभं आहे. आत आसपासच्या गावांचा बेदाणा थंडीत झोपलेला असतो आणि त्याला थंड ठेवतो अमोनिया. नळातून गप फिरतो तोवर गुणाचा. बाहेर आला तर डोळे जाळतो, फुप्फुसं जाळतो. बायकांनी असलं काही चालवायचं म्हटल्यावर लोक हसले होते. वीज मंडळाचा माणूस जोडणी द्यायला आला तेव्हा म्हणाला, "मालक कुठंय?" पद्मजा म्हणाली, "तुझ्यापुढं उभा हाय." तो हसला. तो खांबावर चढल्यावर तिनं त्याची शिडी काढून घेतली आणि जोडणी दिल्याचं लिहून दिल्याशिवाय त्याला खांबावरून उतरू दिलं नाही. असल्या शंभर शिड्या तिनं काढल्या. आवाज चढवून, टेबल आपटून, पुरुषांपेक्षा वरच्या पट्टीत ओरडून तिनं ही जागा उभी केली. त्या सगळ्या वर्षांत तिनं स्वतः किती गिळलं, ते मोजायला कुठलं यंत्र आलं नाही.

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून घरात घाई होती. पद्मजा भाकरी थापत होती आणि थापण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

"अक्का, मी करू का थोड्या?" त्रिशलानं विचारलं.

"का? माझ्या भाकरीचं पण मोजमाप आलंय?"

"तसं न्हवं..."

"यंत्रानं तुला पसंत केलं म्हणे. लग्नाच्या वेळी तुला बघायला गेल्तो, तवा पसंत मी केल्ती. सासूबाई नको म्हणत हुत्या. बोलत नाही पोरगी, म्हणाल्या. मी म्हटलं, बोलंल."

त्रिशला हसली. खरंच हसली, कुढून नाही. पद्मजाच्या छातीत जळजळलं ते तिथं. एखादीला टोचावं आणि तिला टोचूच नये, याइतका अपमान नाही.

पद्मजाचा नवरा बाहुबली पाटावर बसताना कण्हला.

"काय झालं?"

"काय न्हाई."

"दादांचा गुडघा," त्रिशला सहज म्हणाली. "बागेत औषध मारताना मुरगळलाय. तेल लावा म्हटलं हुतं मी."

पद्मजाचा हात तव्यावर थांबला. "कधी?"

"झाले की आठ-दहा दिवस," बाहुबली ताटाकडं बघत म्हणाला.

"मला न्हाई सांगितलंत."

"तू म्हटली असतीस, चपला घालून कुणी बागेत जातंय व्हय?"

"मग! चपला घालून कुणी जातंय व्हय?"

"बघ," बाहुबली म्हणाला आणि भाकरी मोडली.

त्या रात्री तिला शीतगृहाच्या खुर्चीचं दुःख कमी झालं आणि गुडघ्याचं जास्त. बाहेरचं मेलं जाऊ दे. आपल्या नवऱ्याचं मुरगळलेलं हाड आधी धाकट्या जावेला कळतं!

त्रिशलाची तऱ्हाच वेगळी होती. पर्युषण संपलं की जैन घरांत क्षमावाणीचा दिवस येतो. लहानथोर एकमेकांपुढं हात जोडतात, वर्षात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हणतात. वर्षातून एकदा म्हणायचं आणि पुन्हा दुखवायला मोकळं, अशी आपली सोय. त्रिशलानं ते रोजचं करून टाकलं. कामाची पाळी सुरू होताना ती सगळ्यांना हॉलमध्ये गोळा करायची, मध्ये उभी राहायची आणि विचारायची, "काल माझं काय चुकलं?"

पहिल्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन रूमची हसीना मुल्ला म्हणाली, "तुम्ही चार नंबर चेंबरचं दार नीट ओढलं नव्हतं. बर्फ धरला." त्रिशला म्हणाली, "न्हवतंच ओढलं. चल, दाखव." आणि हातात खुरपं घेऊन हसीनाच्या मागनं बर्फ खरवडायला गेली. बस. तिथून बायकांच्या तोंडाचं झाकण उडालं. कुणी स्वतःची चूक सांगायची, कुणी नळाचा थेंब, कुणी फुगलेलं पॅकिंग.

पद्मजा काचेच्या केबिनमधून हे बघायची. काचेतून ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं, आणि ते जास्त वाईट. शालन सुतार नावाची हसीनाच्या हाताखालची बाई, जी पद्मजा आली की फरशीत शिरायला बघायची, ती त्रिशलाच्या खांद्यावर हात टाकून खिदळत होती. तिला हात टाकावासा वाटतो हेच पद्मजाला सोसवेना. आपल्या खांद्यावर शेवटचा कुणी हात टाकला? तिला आठवेना. मला चीड येते ती याची की अशा बाईला आपण कणखर म्हणतो, टाळ्या देतो, आणि तिच्या खांद्यावरची ती मोकळी जागा कुणाला दिसत नाही.

पण तिनं हार मानली असती तर ती पद्मजा कसली?

तिनं सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "इथून पुढं माझ्यापुढं कुणी गिळायचं न्हाई. काय असंल ते बोलायचं. कळलं?"

गप्प.

"बोला की गं!" तिनं टेबलावर हात आपटला.

"आज आमच्यात मेथी केलीया, मॅडम," शालन घाबरून म्हणाली.

"चांगलं. आणि?"

"आणि... डाळ घालून."

तिथून तमाशा सुरू झाला. पद्मजा दिसली की बायका बोलत सुटायच्या. म्हशीला खोकला झाला. दिरानं मोबाइल फोडला. चिंच यंदा लवकर. कुणी तोंडातल्या तोंडात पाढे म्हणायची. रेशीम धाग्यासारखी न तुटणारी बडबड. आणि पट्टीची एक अडचण होती. घसा चालू असला की त्यात गिळलेला शब्द वेगळा सापडत नाही. एकसष्टाचा आकडा उतरायला लागला. पन्नास. चाळीस. वीस.

"बघितलंस?" पद्मजा घरी त्रिशलाला म्हणाली. "मलापण जमतंय."

"अक्का, त्या तुमच्याशी बोलत न्हाईत. नुसता आवाज करालेत."

"जळतंय व्हय तुझं?"

त्रिशला भांडी घासायला उठली. पद्मजाला मनापासून वाटलं, हिचं जळतंय. दुसऱ्याचं जळतंय असं वाटलं की आपल्या घशातली आग जरा थंड होते.

पक्क्या मोजणीच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि माळावर भणाणणारा वारा होता; वाऱ्याची दिशा दाखवणारी आवारातली कापडी पिशवी ताठ झाली होती. बिरनाळे हॉलमध्ये पडदा लावून बसला. त्याच्या हिशेबात आता दोघींमध्ये थोडकाच फरक उरला होता. आधी मोजणी, मग सगळ्या शीतगृहात फेरी, मग निकाल, असा कार्यक्रम. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या आणि सगळ्यांच्या गळ्यावर पट्ट्या होत्या.

पद्मजा मागच्या बाजूनं येत होती. इंजिन रूमवरून जाताना तिनं सवयीनं आत नजर टाकली आणि जागीच थबकली.

अमोनियाबरोबर मशीनचं तेलही नळांत फिरतं. ते ऑइल पॉट नावाच्या भांड्यात साठतं आणि मधूनमधून काढावं लागतं. काढायचा जो व्हॉल्व्ह असतो त्याला स्प्रिंग असते. हातानं दाबून धरला तरच उघडा, हात काढला की आपोआप बंद. तेल संपलं की त्याच वाटेनं मागून गॅस येतो, म्हणून माणसानं तिथून हलू नये, यासाठीच ती स्प्रिंग. पद्मजानं पहिल्या वर्षी हे एकेकीला कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं.

तो व्हॉल्व्ह तारेनं बांधून उघडा ठेवलेला होता. खाली बादलीत तेलाची धार पडत होती. तिथं कुणीही नव्हतं.

कुणी केलं असेल हे तिला लगेच कळलं. तेल काढायचं काम आज शालनकडं होतं. शालनला त्रिशलाच्या सकाळच्या विचारण्याला हजर राहायचं होतं, आज तर राहायचंच होतं. पाहुण्याच्या देखत त्रिशलाला तिची एखादी चूक तोंडावर सांगायची आणि बाई कशी ऐकून घेते ते बघ म्हणून मिरवायचं, हा बेत ती दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होती. आपल्या बाईवरच्या मायेनं पोरगी व्हॉल्व्ह बांधून पळाली होती.

पद्मजानं तारेला हात घातला.

मग काढला.

बिरनाळे फेरीला येणार होता. त्याच्या डोळ्यांनी त्यानं हे बघावं. शंभरात सातवाल्या बाईच्या राज्यात व्हॉल्व्ह तारेनं बांधतात, हे लिहून घ्यावं. भांडं मोठं आहे, तेल अर्धा तास तरी पुरेल. तोवर तो येईलच. इतकं तिनं शांत डोक्यानं ठरवलं. हेवा असाच असतो. तो आंधळा असतो असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. त्याला सगळं दिसतं, धारेची जाडीसुद्धा दिसते. तो फक्त हात मागं घेतो.

भांडं आधीच अर्धं रिकामं झालं होतं, एवढंच तिला दिसलं नाही.

हॉलमध्ये त्रिशला मध्ये उभी होती. "काल माझं काय चुकलं?" तिनं रोजच्यासारखं विचारलं.

"सांगते!" शालन उठली. "काल तुम्ही माझा डबा खाल्ला आणि म्हटला, वांगं छान झालंय. ते दोडकं हुतं!"

हॉल हसला. बिरनाळेही हसला. पद्मजा भिंतीला टेकून उभी होती. शालन इथं, धार तिथं. तिच्या घशात आपोआप काहीतरी उठलं. तिनं ते दाबलं.

पडद्यावर टिक् झालं.

"एक गिळलं," बिरनाळे म्हणाला. "त्रिशलाबाईंपुढं. काही हरकत नाही, एखादं चालतंय. पुढं चला."

त्रिशलानं पुढं चालवलं नाही. "कुणीतरी काहीतरी सांगणार हुती," ती म्हणाली. "सांगून टाका. मग पुढं."

"अहो बाई, तुमचाच आकडा कमी आहे. वेळ कशाला घालवता?"

"आकडा राहू दे."

ती थांबली. धमकी नाही, टेबलावर हात नाही. शेतात पाणी पाटातून यायची वाट बघतात तशी उभी राहिली. पद्मजाला तिचा इतका राग आला की कानात रक्त वाजायला लागलं. असं थांबता आपल्याला कधीच आलं नाही. थांबलं की मागचे पुरुष पुढं जातील, हीच भीती आयुष्यभर. हिला कुणाची भीती नाही. हिच्यापुढचा रस्ता कुणी झाडून ठेवला होता?

टिक्. टिक्.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. टिक्. बिरनाळे पडद्यावर बोट आपटून बघायला लागला. त्रिशलाची नजर फिरत फिरत पद्मजावर आली आणि तिथंच राहिली. तिला कळलं होतं. आणि तरीही ती नाव घेत नव्हती.

"अक्का," एवढंच म्हणाली.

"हसीनाऽ!" पद्मजाचा आवाज फुटला तो छताला जाऊन आदळला. "ऑइल पॉटचा व्हॉल्व्ह तारेनं बांधलाय! मुखवटे आण! बाकीच्या सगळ्या पुढच्या दारानं बाहेर, पिशवी बघा, वाऱ्याच्या तोंडाकडं पळायचं! पदर ओले करा! बिरनाळे, यंत्र मरू दे तिकडं, पळा!"

एकीनं प्रश्न विचारला नाही. पळाल्या. पण एक उलट्या दिशेनं पळाली. शालन. तिनं बांधलं होतं, तिलाच सोडायचं होतं. मुखवटा न घालताच ती इंजिन रूमच्या दारापर्यंत पोचली आणि त्याच क्षणी तेल संपलं.

पांढरं धुकं दारातून बाहेर आलं. नाकात सुऱ्या घुसाव्यात तसा वास.

पद्मजा आणि हसीना मुखवटे चढवून आत शिरल्या. काहीच दिसत नव्हतं. मुखवट्यात बोलणं ऐकू येत नाही, पण गळ्यावरच्या पट्ट्या होत्या, आणि हसीनाचा आवाज पद्मजाच्या कानाच्या आत उमटला, न काढलेला आवाज.

"शालन सापडली. पायाशी हाय. डोळं धरलेत तिनं."

"ओढ तिला. मी व्हॉल्व्ह बघते."

"तार कुठल्या बाजूनं पिळलीया, अक्का? धुक्यात कळायचं न्हाई."

"डाव्या. ठाऊक हाय मला."

हसीना शालनला ओढत दाराकडं निघाली. पद्मजानं तार सोडली. स्प्रिंगनं व्हॉल्व्ह खट्‌कन बंद केला.

शालनला पाण्याच्या टाकीखाली बसवून बायकांनी तिच्या डोळ्यांत पाणी सोडलं, बाटल्यांवर बाटल्या ओतल्या, मग रुग्णवाहिका तिला मिरजेला घेऊन गेली. उजवा डोळा ठीक, असं रुग्णवाहिकेतला डॉक्टर जाताना म्हणाला. डाव्याचं तो काही बोलला नाही. बाकी कुणाला काही झालं नाही.

सगळ्या जणी आवारात वाऱ्याच्या पिशवीखाली बसल्या होत्या. पाण्यानं भिजून पट्ट्या निघून आल्या होत्या, कुणी कमरेला खोचल्या, कुणी टाकून दिल्या. आता मोजणारं काही नव्हतं.

"पद्मजाबाई नसत्या तर..." बिरनाळे म्हणाला. "मी वर लिहितो. असल्या जागेला असाच आवाज पाहिजे. आकडे काय!"

"अक्काच पायजेत," कुणीतरी म्हणालं. मग दुसरी. मग सगळ्याच. एकीनं येऊन पद्मजाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही.

त्रिशला उठली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज सरळ. "माझ्या गोळा करण्यापायी शालन काम टाकून आली. ही चूक माझी. माझं नाव मागं घेते. अक्कांनी चालवावं, त्यांनीच उभं केलंय हे."

झालं. जे पाहिजे होतं ते सगळं एका दमात पदरात. पद्मजानं त्रिशलाकडं बघितलं आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की ही बाई खुर्ची सोडतानासुद्धा माझ्यापेक्षा चांगली दिसते. दुसरा विचार शालनच्या डोळ्याचा आला. तो पहिला यायला पाहिजे होता हे तिला कळत होतं, आणि खांद्यावरचा तो हात तिला जड व्हायला लागला.

"खाली बस, त्रिशला," ती म्हणाली. "मी आधीच बघितलेलं."

"काय?"

"तार. हॉलमध्ये यायच्या आधी. हात घातल्ता, सोडली न्हाई. ह्या बिरनाळेनं बघावं आणि तुझी नाचक्की व्हावी म्हणून तशीच ठेवली."

खांद्यावरचा हात गेला.

हसीना थुंकली. "तरीच. डाव्या बाजूनं पिळलीया हे तुम्हाला जवळनं बघितल्याबिगर कसं ठाऊक?"

"अक्का, का?" त्रिशलाचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "माझ्यावर राग हुता, तर मला मारायचं! शालननं काय केल्तं?"

"काय केल्तं विचारतीस?" पद्मजा उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं, तिला ओरडू येत होतं. "मी या आवारात पाय ठेवला तवा इथं एक पुरुष हसल्याबिगर माझ्याशी बोलत नव्हता. मी त्यांच्यासारखी झाले. त्यांच्याहून वाईट झाले! त्याशिवाय हे छप्पर उभं राहिलं नसतं. मी ओरडून ओरडून जागा केली आणि तू त्या जागेत येऊन मऊ बोललीस, तर यंत्र म्हणतंय तू बरी, मी वाईट! माझा नवरा त्याचा गुडघा तुला दाखवतोय! मला पण कुणाला तरी विचारायचं हुतं माझं काय चुकलं, पण विचारलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी घरी घालवलं असतं. ही चूक न्हवं माझी. तार माझी चूक. हे न्हवं."

वाऱ्याची पिशवी फडफडत होती.

"हे न्हवं," त्रिशला म्हणाली. "हे खरं हाय तुमचं. ह्यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं, मला वाटायचं तुम्ही जन्मतःच अशा हाय." तिनं नाक पुसलं. मग तिचा चेहरा बदलला. पद्मजानं तो चेहरा आधी कधी बघितला नव्हता. "पण शालनचा डोळा त्यात बसत न्हाई. तो वेगळा. बिरनाळे, लिहून घ्या. मी नाव मागं घेत न्हाई. उद्यापासनं सकाळी कुणी गोळा व्हायचं न्हाई, मी एकेकीच्या जागेवर जाऊन विचारीन. मशीन चालू असताना जागा सोडली तर घरी. माझ्या मायेनं सोडली तरी घरी. आणि अक्का."

"काय?"

"केबिन मोकळी करा. शालन परत येईपर्यंत तिचं काम तुम्ही करायचं. इंजिन रूममध्ये, हसीनाच्या हाताखाली. तेल काढायचं, व्हॉल्व्ह हातानं दाबून धरायचा. आणि शालनच्या घरी मी न्हाई जाणार, तुम्ही जायचं, आत्ता, आणि जे इथं सांगितलं ते तिच्या सासूपुढं सांगायचं."

कुणाची मान खाली गेली नाही. आवाज चढला नव्हता, टेबलही नव्हतं आपटायला, आणि तरी त्या हुकमाला कुठं बोट शिरवायला फट नव्हती. अशी शिक्षा पद्मजाला साऱ्या आयुष्यात कुणाला देता आली नव्हती. तिनं फक्त माणसं घाबरवली होती. त्याही अवस्थेत, भिजलेल्या साडीत, सगळ्या बायकांपुढं उघडी पडलेली असताना, तिला आपल्या धाकट्या जावेचा पुन्हा कडकडून हेवा वाटला. पण या वेळचा हेवा जाळत नव्हता, तो शिकायला निघालेल्या माणसाचा होता, आणि असल्या हेव्याची तिला सवय नव्हती.

तिनं पदर पिळला. फाटकाकडं निघाली, शालनच्या घराच्या दिशेनं. हसीनापाशी येऊन थांबली. पहिली पाळी कितीला लागते हे या आवारात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळ्या तिनंच लावल्या होत्या.

"हसीना, उद्या मी कितीला यायचं?"

हसीनानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सातला," ती म्हणाली. "आणि सातला म्हणजे सातला. उशीर मला चालत न्हाई."